एकट्यानं गाडी काढून भोपाळ : तलावाभोवतीची राजधानी कशी बघावी

उत्तरेकडे निघालेली मराठी गाडी भोपाळच्या बायपासवर चहाला थांबते आणि पुढं खजुराहो किंवा ग्वाल्हेरच्या वाटेला लागते. शहरात शिरायचं कुणाच्या फारसं मनात येत नाही. हा लेख शिरणाऱ्यांसाठी आहे. त्यातही एकट्यानं गाडी चालवणाऱ्यांसाठी, ज्यांना नकाशा बघायलाही स्वतःच आणि गाडी लावायला जागा शोधायलाही स्वतःच. एका रात्रीत भोपाळ होत नाही. दोन रात्री हाताशी ठेवा.

आधी शहराची ठेवण लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. मोठा तलाव पश्चिमेला आणि छोटा तलाव त्याच्या पूर्वेला लागून. या दोन पाण्यांच्या उत्तरेला नवाब बेगमांचं जुनं शहर आहे. मोठ्या तलावाच्या काठावर, श्यामला हिल्स नावाच्या टेकडीवर संग्रहालयं आहेत. छोट्या तलावाच्या दक्षिणेला अरेरा हिल्सवर १९५६ नंतर उभं राहिलेलं सरकारी शहर. नकाशावर ही तिन्ही ठिकाणं एकमेकांना चिकटलेली वाटतात, पण मध्ये पाणी आणि चढउतार असल्यानं रस्ता वळसे घेत जातो. म्हणून एका वेळी एकच भाग धरायचा आणि तो संपवूनच दुसरीकडे जायचं. सकाळी मशीद, मग विधानभवन, मग परत चौक बाजार असा कार्यक्रम आखलात तर दिवस सिग्नलवर जाईल.

१. तारीख नंतर, आधी वार ठरवा

सोमवारी जनजातीय संग्रहालय, मानव संग्रहालय, राज्य संग्रहालय आणि भारत भवन ही चारही ठिकाणं बंद असतात. भोपाळमध्ये बघण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं यातच आलं. शुक्रवारी ताज-उल-मसाजिदमध्ये नमाजाची गर्दी असते, त्या दिवशी पर्यटकानं तिकडं जाऊ नये. सांचीचं पुरातत्त्व संग्रहालयही शुक्रवारी बंद.

सगळ्यात सोयीचं गणित असं : शनिवारी पोहोचा, रविवार शहराला द्या, सोमवारी सांची. सांचीचा स्तूप सोमवारीही उघडा असतो आणि रविवारची गर्दीही ओसरलेली असते. नोकरदाराला सोमवारची एकच रजा टाकावी लागते.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा भीमबेटकाचे खडक तापतात आणि दुपार फक्त संग्रहालयात काढण्याच्या लायकीची उरते. पावसाळ्यात शहर देखणं होतं. मात्र वाटेतल्या घाटरस्त्यांवर वेग कमी ठेवायची तयारी हवी.

२. कोणत्या रस्त्यानं शिरायचं

नागपूरकरांना रस्ता सरळ आहे : सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, इटारसी, नर्मदापुरम, ओबेदुल्लागंज, भोपाळ. अंतर सुमारे ३५० किलोमीटर. पहाटे पाचला निघालात तर दुपारच्या आत ओबेदुल्लागंजच्या अलीकडे पोहोचता आणि तिथंच पहिलं काम असतं. ते पुढं सांगतो.

या वाटेवर पाय मोकळे करायला मुलताई उत्तम. तापी इथं उगम पावते, गावातच तिचं सरोवर आणि देवळं आहेत. भुसावळच्या पुलावरून जिचं पात्र पाहिलं असेल ती नदी इथं एका तळ्याएवढी दिसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र पांढुर्ण्यात शिरू नका. त्या दिवशी तिथं गोटमार असते, जाम नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड मारतात, आणि पोलीस बंदोबस्तात परक्या गाडीची फरफट होते.

बैतूल ते इटारसी हा पट्टा सातपुड्याच्या जंगलातून जातो. मध्ये बरेठा घाट आहे. ट्रक रांगेनं चढत असतात आणि वळणावर ओव्हरटेक करायचा मोह होतो. एकटे असताना शेजारी कुणी 'थांब' म्हणणारं नसतं, तेव्हा ते स्वतःलाच म्हणावं लागतं. हा पट्टा अंधारात करायचा नाही एवढा नियम ठेवा. होशंगाबादचं नाव २०२२ मध्ये नर्मदापुरम झालं, पण चहावाले आणि ट्रकवाले अजून जुनंच नाव घेतात. दोन्ही नावं ध्यानात असू द्या.

मुंबई, पुणे, नाशिकहून येणाऱ्यांची वाट धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर, देवास, सीहोर अशी. सेंधव्याजवळ बिजासन घाट आणि पुढं खलघाटला नर्मदा. पुण्याहून भोपाळ एका दमात गाठायचा हट्ट एकट्यानं धरू नका. इंदूरला किंवा त्याआधी मुक्काम करा. इंदूर ते भोपाळ रस्ता रुंद आणि बरा आहे, कंटाळवाणाही तितकाच.

कागदपत्रांचं फार नाटक नाही. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजीलॉकरमध्ये असलं की झालं. फास्टॅगमध्ये पैसे आधीच भरून ठेवा. महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, बाकी कशासाठीही ११२. घरच्या एका माणसाला रोज रात्री मुक्कामाचं ठिकाण कळवायची सवय लावून घ्या. हे एकट्या बाईसाठीच नाही, एकट्या पुरुषालाही लागू आहे.

३. भीमबेटका आणि भोजपूर शहराआधीच उरका

नागपूरकडून येणारे बरेच जण आधी हॉटेल गाठतात आणि दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस किलोमीटर मागं येऊन भीमबेटका बघतात. हा द्राविडी प्राणायाम कशाला? भीमबेटका त्याच महामार्गावर, भोपाळच्या अलीकडे आहे. रेल्वेमार्गापलीकडच्या टेकडीवर रस्ता चढतो आणि गाडी थेट वरपर्यंत जाते.

इथं सातशेच्या वर शैलाश्रय, म्हणजे खडकांच्या आडोशानं झालेले निवारे, आहेत, त्यांतल्या चारशेहून जास्त ठिकाणी चित्रं सापडली. पर्यटकांसाठी आखलेल्या पायवाटेवर पंधरा येतात. ते बघायला दीड-दोन तास पुरतात. 'झू रॉक' नावाच्या खडकापाशी मात्र घाई करू नका. आधी नुसते लाल-पांढरे डाग दिसतात. डोळा सरावला की हत्ती दिसतो, मग गवा, मग हरणांचा कळप, आणि मग लक्षात येतं की पांढऱ्या प्राण्यांवरून कुणीतरी पुढच्या काळात लाल प्राणी काढलेत. वेगवेगळ्या युगांतल्या माणसांनी तीच भिंत वापरली आहे. पायवाटेच्या शेवटी एका अळंबीसारख्या खडकावर शिंगं असलेला अवाढव्य डुक्कर एका माणसाच्या मागं लागलेला आहे. तो बघितल्याशिवाय परतायचं नाही.

ही जागा १९५७ मध्ये जगापुढं आणली ती पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांनी. रेल्वेनं जाताना त्यांना खिडकीतून हे खडक दिसले आणि ते बघायला आले. भीमबेटकाला २००३ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. जवळच्या रातापानी व्याघ्र प्रकल्पाला आता वाकणकरांचं नाव आहे.

एक गमतीची गोष्ट. २०२१ मध्ये इथल्या एका गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाचा जीवाश्म सापडल्याची बातमी जगभर गाजली. नंतर दुसऱ्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहिलं तर ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष निघाले. गाईड अजूनही जीवाश्म म्हणून दाखवायला लागला तर वाद घालू नका, हसून पुढं चला.

भीमबेटकाहून भोपाळकडे येताना 'ग्यारह मील' नावाच्या फाट्यावरून भोजपूरचा रस्ता फुटतो. बेतवेच्या काठावर राजा भोजानं अकराव्या शतकात आरंभलेलं आणि अर्धवट राहिलेलं शिवमंदिर इथं आहे. लिंग साडेसात फूट उंच, घेर सुमारे १८ फूट. लोक ते बघतात, हात जोडतात आणि निघतात. तुम्ही मंदिराला वळसा घालून आवारातल्या सपाट खडकांकडे जा. त्या खडकांवर मंदिराचे नकाशे कोरलेले आहेत : खांब, मंडप, शिखर यांच्या रेघा. कारागिरांनी कागदाऐवजी जमीनच वापरली. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर तिरक्या प्रकाशात त्या रेघा उठून दिसतात, भर दुपारी शोधाव्या लागतात. मंदिरामागं मातीचा एक लांब उतार आहे, त्यावरून प्रचंड शिळा वर चढवल्या जात. मंदिर पुरं झालं असतं तर हा उतार आणि ते नकाशे टिकले नसते. बांधकाम कसं चालायचं हे इतकं उघडं कुठंच बघायला मिळत नाही, म्हणून माझ्या लेखी भोजपूर हे या सगळ्या वाटेवरचं पहिल्या नंबरचं ठिकाण.

श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला इथं गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि हो, तिकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो.

इंदूरकडून येणाऱ्यांना ही दोन्ही ठिकाणं भोपाळहून अर्ध्या दिवसाची वेगळी फेरी काढून करावी लागतील.

४. मुक्काम

रेल्वे स्टेशनजवळच्या हमीदिया रोडवर स्वस्त हॉटेलं रांगेनं आहेत, पण गाडीवाल्यानं तिकडं फिरकू नये. गाडी कुठं लावायची हा रोजचा ताप होतो. एमपी नगर किंवा न्यू मार्केट-टीटी नगरचा भाग घ्या. तिथून श्यामला आणि अरेरा दोन्ही टेकड्या जवळ पडतात. खोली नक्की करताना 'पार्किंग है' एवढ्यावर समाधान मानू नका. आवारात आहे की रस्त्यावर, आणि सकाळी सहाला गाडी निघू शकेल की मागं दुसऱ्याची अडकलेली असेल, हे फोनवरच विचारा. आपल्याकडे एमटीडीसी तसं तिकडं एमपीटी. त्यांची भोपाळमधली हॉटेलं जुनी असली तरी आवार मोठं असतं.

५. जुनं शहर : गाडी हॉटेलवर ठेवा

रविवारी सकाळी गाडीची किल्ली खोलीतच राहू द्या. रिक्षा किंवा ई-रिक्षा करून ताज-उल-मसाजिदला जा आणि तिथून तलावाकडे चालत या. वाट उताराची आहे.

निघण्याआधी नाक्यावर पोहे-जिलेबी खा. हे पोहे आपल्यासारखे कढईत परतलेले नसतात, वाफेवर असतात. वरून शेव, कांदा आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला. पहिल्या घासाला कोकणी किंवा वऱ्हाडी जीभ कुरकुरते, पण प्लेट संपते.

ताज-उल-मसाजिद देशातल्या सगळ्यात मोठ्या मशिदींपैकी एक. गुलाबी दर्शनी भाग, दोन उंच मिनार, वर संगमरवरी घुमट. शाहजहान बेगमनं काम सुरू केलं, पैसा आटला, १९०१ मध्ये ती वारली आणि बांधकाम रखडलं. १९७१ ला ते पुन्हा हाती घेतलं गेलं आणि १९८५ ला पुरं झालं. गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत, बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. आवारात मदरसा चालतो. मुलांचे फोटो न विचारता काढू नका, नमाजाच्या वेळा टाळा. अंगणात उभं राहिल्यावर मिनारांपेक्षा मोकळ्या जागेनंच दडपायला होतं.

तिथून इकबाल मैदानाकडे चालत या. भोवती शौकत महल, सदर मंझिल आणि मोती मशीद. मोती मशीद सिकंदर बेगमनं १८६० मध्ये पुरी केली. दिल्लीच्या जामा मशिदीचीच ठेवण, आकारानं बरीच लहान. पुढं चौकातली जामा मशीद कुदसिया बेगमची, मिनारांवर सोन्याचा मुलामा दिलेले कळस असलेली. तलावाच्या कडेचा गोहर महालही कुदसियाचाच, १८२० चा.

एवढ्या इमारती बायकांनी कशा बांधल्या, असं वाटेल. १८१९ ते १९२६ या काळातली बहुतेक वर्षं भोपाळवर चार बेगमांनीच राज्य केलं : कुदसिया, सिकंदर, शाहजहान, सुलतान जहान. आईनंतर मुलगी. क्रम पाठ असला की कुठली इमारत आधीची, कुठली नंतरची हे पाटी न वाचता कळतं.

चौकात दागिने, जरीचे बटवे, अत्तर. गल्ल्या अरुंद, दुचाकी अंगावर येतात, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. मीठ घातलेला चहा इथंच प्यायचा. साखरही असते आणि मीठही. पहिल्या घोटात गोड लागतो, गिळल्यावर जिभेच्या कडेला खारट. अर्धा कप घेऊन बघा. मांसाहारी असाल तर संध्याकाळी इब्राहिमपुऱ्यातल्या चटोरी गल्लीत परत या : सीख कबाब, पाया, नहारी. एकट्या माणसाचा तोटा एवढाच की चार पदार्थ चाखता येत नाहीत. दुकानदाराला 'आधा' म्हणून बघा, बरेच जण देतात.

शेवटी कमला पार्क. दोन तलावांच्या मधल्या बांधावर राणी कमलापतीचा महाल आहे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. कमलापती गोंड राणी. तिनं दोस्त मोहम्मद खान या अफगाण सरदाराची मदत घेतली, आणि पुढं त्याच दोस्त मोहम्मदानं भोपाळ संस्थान उभं केलं. महालाचे खालचे मजले पाण्यात आहेत असं स्थानिक सांगतात. हबीबगंज स्टेशनला २०२१ पासून तिचंच नाव आहे. तुमचा नकाशा 'रानी कमलापति' दाखवील आणि रिक्षावाला 'हबीबगंज' म्हणेल. ठिकाण एकच.

इथं पाण्याकडे तोंड करून उभे राहिलात तर मराठी माणसाला आणखी एक गोष्ट आठवायला हवी. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावानं निजामाला याच भोपाळात कोंडलं होतं. तलावांच्या आडोशानं निजामाला बचाव करता आला, पण त्याच पाण्यानं आणि मराठ्यांच्या वेढ्यानं रसद बंद पडली. जानेवारी १७३८ मध्ये दोराहा इथं तह झाला आणि निजामानं माळव्यावरचा मराठ्यांचा हक्क मान्य केला. शहरात त्याची खूण शोधू नका. तलाव तेवढा तोच आहे.

६. श्यामला हिल्स : दुपार इथं घालवा

वेळापत्रक जमवायची युक्ती अशी की इथली ठिकाणं उशिरा उघडतात. जनजातीय संग्रहालय दुपारी बाराच्या सुमारास आणि भारत भवन त्याहून उशिरा. म्हणजे सकाळ जुन्या शहरात, मग जेवण, आणि मग गाडी काढून टेकडीवर. गाडी लावायला इथं जागा भरपूर.

एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर जनजातीय संग्रहालय निवडा. २०१३ मध्ये उघडलं. काचेच्या पेटीत ठेवलेले दागिने आणि खाली टंकलिखित चिठ्ठी, असलं काही इथं नाही. गोंड, भिल्ल, बैगा, कोरकू, भारिया, सहरिया, कोल या सात जमातींच्या माणसांनीच इथं येऊन घरं, देवळं, कोठ्या उभ्या केल्या. तुम्ही घराच्या ओट्यावर चढता, आत चूल, कणगी, भिंतीवर हातानं ओढलेल्या मातीच्या रेघा. देवलोकाच्या दालनात उजेड मुद्दाम मंद ठेवलाय. तिथं दारापाशीच मिनिटभर थांबा, डोळे जुळले की मगच आत जा. मेळघाटातले कोरकू आणि खानदेशातले भिल्ल ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना ओळखीच्या खुणा सापडतील. दोन तास किमान.

भारत भवन तिथून जवळ आहे. चार्ल्स कोरियांनी आखलेली ही वास्तू १९८२ मध्ये खुली झाली. रस्त्यावरून पाहिलं तर इमारत दिसतच नाही, कारण ती टेकडीच्या उतारात खाली खाली बसवली आहे. तुम्ही छतावरून शिरता आणि पायऱ्यांनी अंगणात उतरता. रूपंकर या कलादालनाची उभारणी चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी केली. त्यांच्याच काळात जनगढ सिंह श्याम या गोंड चित्रकाराचं काम जगापुढं आलं. संध्याकाळी नाटक किंवा गाणं असेल तर फलकावर लिहिलेलं असतं, तिकीट परवडणारं असतं आणि एकट्याला जागा हमखास मिळते. कार्यक्रम नसला तरी गच्चीच्या कठड्यावर बसून तलाव बघायला कुणाची ना नसते.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय याच टेकडीवर, सुमारे २०० एकरांवर. देशभरातली खरीखुरी घरं उघड्यावर मांडली आहेत आणि आवारात चित्रं असलेले शैलाश्रयही आहेत. मोठं आहे, चढउतार आहे, उन्हात दमवतं. जनजातीय संग्रहालय आणि हे एकाच दिवशी करू नका. दोन्ही डोक्यात एकमेकांत मिसळतात.

७. तलाव

'ताल तो भोपाल ताल, बाकी सब तलैया' असं भोपाळी माणूस ऐकवतोच. मोठा तलाव कोलांस नदी अडवून झाला. तो राजा भोजाचा मानतात आणि २०११ पासून त्याचं अधिकृत नाव भोजताल. छोटा तलाव १७९४ चा. पावसाळ्यात शहरातल्या गप्पांमध्ये १६६६.८० हा आकडा ऐकू आला तर दचकू नका. ती मोठ्या तलावाची फुटांतली पूर्ण पातळी. ती गाठली की तलावाच्या भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात आणि अर्धं शहर छत्री घेऊन तिकडं लोटतं. त्या दिवशी तुम्ही गाडी घेऊन भदभद्याकडे जाऊ नका, रिक्षा करा.

सूर्यास्त बोट क्लबवरून बघावा. सूर्य पाण्यापलीकडे मावळतो. व्हीआयपी रोडवरून तलावातल्या बुरुजावर उभा असलेला राजा भोजाचा पुतळा दिसतो. तो बघायला भर रस्त्यात गाडी उभी करणारे शेकडो आहेत, तुम्ही त्यांत भर घालू नका. पुढं जाऊन गाडी नीट लावा आणि चालत मागं या. अंधार पडल्यावर बोट क्लबच्या रहदारीच्या भागातच थांबा. किनाऱ्याचे आडबाजूचे टप्पे एकट्यानं रात्री टाळावेत.

बोट क्लबच्याच बाजूला वनविहार राष्ट्रीय उद्यानाचं रामू गेट आहे, दुसऱ्या टोकाला चीकू गेट. तलावाच्या काठानं रस्ता जातो, सायकल भाड्यानं मिळते. सकाळी उघडल्या उघडल्या शिरा. साप्ताहिक सुट्टीचा वार संग्रहालयांहून वेगळा असतो, आदल्या दिवशी हॉटेलवर विचारून घ्या.

८. अरेरा हिल्स

इथं तासभर पुरे. विधानभवनही कोरियांचंच, १९९८ चा आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळालेलं. गोलाकार आराखडा, वर सांचीच्या स्तूपाची आठवण करून देणारा घुमट. आत असंच जाता येत नाही, बाहेरून वळसा घालायचा. शेजारी वल्लभ भवन म्हणजे मंत्रालय, आणि वर बिर्ला मंदिर. तिथून शहर छान दिसतं.

नागपूरकरांना या टेकडीवर थोडं टोचेल. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी नवं राज्य झालं, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी भोपाळला आली. भोपाळ तेव्हा इतकं लहान होतं की जिल्ह्याचं ठिकाणही नव्हतं. ते सीहोर जिल्ह्यात मोडत होतं, आणि वेगळा भोपाळ जिल्हा झाला तो १९७२ मध्ये.

९. १९८४

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. कारखान्याची जागा जुन्या शहराच्या उत्तरेला आहे. आत कुणाला सोडत नाहीत आणि सोडायचा आग्रहही धरू नये. समोरच्या रस्त्यावर आई आणि मुलाचं शिल्प आहे, डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी १९८५ मध्ये केलेलं. जायचं असेल तर तिथं जा. आजूबाजूची वस्ती म्हणजे त्या रात्री होरपळलेली वस्ती आहे, लोक तिथं राहतात. कॅमेरा पिशवीत ठेवा. कारखान्यात पडून असलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलवला गेला तो २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे चाळीस वर्षांनी.

१०. सोमवारी सांची, मग पुढची वाट

सामान गाडीत टाकूनच निघा, परत हॉटेलवर यायचं कारण नाही. विदिशा रस्त्यानं सांची पन्नास किलोमीटरच्या आत आहे. वाटेत कर्कवृत्ताची पाटी लागते. तिथं सगळेच फोटो काढतात, तुम्हीही काढा, पण गाडी रस्त्याच्या कडेला पुरती उतरवून.

स्तूपाचा गाभा अशोकाच्या काळातला, वरचं दगडी कवच शुंगांच्या काळातलं आणि तोरणं सातवाहनांच्या. महाराष्ट्रातून आलेल्यानं आधी दक्षिण तोरणापाशी जावं. वरच्या भागात एक लेख आहे : राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद, त्याचं हे दान. पैठणच्या राजाचं नाव बेतवेच्या खोऱ्यात. त्याच तोरणावर दुसरा लेख विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांचा, दगडातलं हे काम त्यांनी केल्याचा. मग तोरणांवरची बारीक नक्षी पुन्हा बघा. हस्तिदंतावर चालणारा हात दगडावर चाललाय हे पटतं. अक्षरं ब्राह्मी असल्यानं वाचता येणार नाहीत, जागा दाखवायला परवाना असलेला गाईड घ्या. एकट्याला महाग वाटला तर फाटकापाशी दुसरं कुणी एकटं दिसतंय का बघा आणि पैसे वाटून घ्या.

ज्यांना पुढं जायचंय त्यांनी विदिशाजवळची उदयगिरीची लेणी, तिथला गुप्तकाळातला वराह आणि हेलिओडोरस या ग्रीक दूताचा खांब बघून सागरमार्गे खजुराहोची वाट धरावी. नागपूरला परतायचं असेल तर सांचीतून अकराच्या आत निघा आणि बायपास पकडा. उशीर झाला तर बैतूलचा पट्टा रात्री ओलांडायच्या भानगडीत पडू नका. नर्मदापुरम किंवा इटारसीलाच खोली घ्या आणि ऑफिसला मंगळवारचा निरोप पाठवा.